हर्शीची आइस हॉकी: तिकीट खिडकीवरचंच घ्या, ७८ हायवेवरून रात्री परतू नका

"मायनर लीग आहे, म्हणजे दुसऱ्या फळीतली, अर्धं रिकामं असतं, जाऊन तिकीट काढा." ज्याने आम्हाला हे सांगितलं त्याने हर्शी, पेनसिल्व्हेनियातलं हे चॉकलेटचं गाव, पाहिलेलंच नाही. इथला संघ हर्शी बेअर्स १९३८ पासून अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळतोय, लीगचं विजेतेपद म्हणजे कॅल्डर कप त्यांनी १३ वेळा जिंकलाय. त्यांच्या स्टेडियममध्ये, जायंट सेंटरमध्ये, सुमारे साडेदहा हजार माणसं बसतात आणि शनिवारी ती येतात. त्यातून समोर विल्क्स-बॅरी स्क्रँटन पेंग्विन्स. बेअर्स हा एनएचएल या वरच्या लीगमधल्या वॉशिंग्टनचा खालचा संघ, पेंग्विन्स पिट्सबर्गचा, त्यामुळे तिथलं वैर इथेही तेवढंच कडक.

हे आम्हाला आदल्या रात्री कळलं आणि तिथेच आम्ही लुटले गेलो. घाईघाईत फोनवर शोधलं, पहिली जी साइट दिसली तिच्यावर चार तिकिटं घेतली. दिसायला अगदी अधिकृत. प्रत्यक्षात ते तिकिटं फिरवून विकणारे होते. सामन्यात शेजारी बसलेल्या आजोबांनी सहज विचारलं, कितीला मिळालं? आकडा ऐकून ते गप्पच झाले. त्यांनी तीन आठवडे आधी खिडकीवरून जवळपास निम्म्या किमतीत घेतलं होतं, तीच रांग, मैदानाभोवतीची तीच काच. चौघांचे मिळून जे जास्तीचे गेले त्यात अजून एक सामना झाला असता. म्हणून सांगतो: संघाच्या स्वतःच्या पानावरून किंवा खिडकीवरूनच घ्या, आणि नाही मिळालं तर दुसरा शनिवार बघा.

आणि काचेजवळची जागा घेऊच नका. फोटोत ती भारी दिसते. आम्ही कोपऱ्यात तिसऱ्या रांगेत होतो. खेळाडू येऊन मैदानाच्या कडेच्या फळीवर आदळला की छातीत धडकी भरते, पण पलीकडच्या टोकाला काय चाललंय ते काही केल्या कळत नाही, आणि आपल्याच बाजूच्या फळीला चिकटलेली पक (चेंडूऐवजी असते ती चकती) तर दिसतच नाही. दुसऱ्या ब्रेकमध्ये वर जाऊन मधल्या लाल रेषेच्या समोर उभं राहिलो आणि पहिल्यांदा खेळ समजला: कोण कुठे धावतोय, ऑफसाइड का दिला, पाऊण मिनिटात पाचही गडी कसे बदलतात. वरची, मधली, स्वस्तातली जागा. तीच घ्या. फक्त मोबाइलमध्ये डोकं घालू नका. जाळी गोलच्या मागेच असते, बाजूला नसते, आणि पक म्हणजे गोठवलेलं १७० ग्रॅम कडक रबर.

जाड जॅकेट आतही लागतं. शाकाहाऱ्यांना फ्राइज आणि प्रेट्झेल, बस्स. आम्ही पोळी-चटणीचे रोल गाडीत खाऊन आत गेलो, ते बरं झालं. गाव छान आहे, रस्त्यावरचे दिवेसुद्धा चॉकलेटच्या आकाराचे. शेजारीच जुनं अरीना आहे, जिथे बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनने २ मार्च १९६२ ला एका सामन्यात १०० गुण केले. बाहेरून बघितलं आणि निघालो.

आता परतीचं. न्यू जर्सीतल्या एडिसनहून जाताना अडीच तास, दिवसाउजेडी, काही वाटलं नाही. टोल जातानाच, डेलावेअर नदीच्या पुलावर. पण सामना ओव्हरटाइममध्ये गेला, पार्किंगमधून बाहेर पडायलाच पस्तीस मिनिटं, आणि अकराच्या सुमारास आम्ही ८१ नंबरचा हायवे सोडून ७८ ला लागलो. तिथून ॲलनटाउनपर्यंत प्रत्येक दिशेला दोनच लेन, आणि सगळे गोदामांचे ट्रक. त्यात बर्फाची सर आली. भुरभुर नव्हती ती, एकदम पांढरा पडदा. पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसेनासे झाले, डावीकडे दुसरा ट्रक खेटून, आणि मागून तिसरा. मागच्या सीटवर कोणी बोलत नव्हतं. याच भागात, ८१ वर, मार्च २०२२ मध्ये अशाच सरीत ८० गाड्या एकमेकांवर आदळून ६ माणसं गेली होती. मला ते सारखं आठवत होतं. वीस मिनिटं स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की घरी आल्यावर बोटं सरळ होईनात.

जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तर फोनवर स्नो स्क्वॉलचा, म्हणजे अशा अचानक येणाऱ्या बर्फाच्या सरीचा, इशारा आल्याबरोबर पुढचा एक्झिट घ्या आणि पेट्रोल पंपावर अर्धा तास थांबा. या सरी पटकन जातात. नाहीतर रविवारचा लवकर सुरू होणारा सामना निवडा, किंवा तिथेच खोली घेऊन राहा.

तो ओव्हरटाइम मात्र! दोन्हीकडून तीन-तीनच गडी, अख्खा बर्फ मोकळा, आणि दुसऱ्या मिनिटाला बेअर्सचा गोल. आजोबांनी आम्हा चौघांना मिठ्या मारल्या. मार्चमधली तिकिटं काढून झालीत. खिडकीवरची, वरच्या रांगेतली, रविवारची.