गाटा लूप्सवरचं ओलं फडकं

आमची मारुती जिप्सी १९९४ची, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायला जुन्या पद्धतीचा भाग असलेली. आठ महिने ती मी आणि दादाने खोलून ठेवली होती. मागचा फ्लोअर इतका गंजलेला की मॅट उचलली की खालची जमीन दिसायची, तो कापून नवा पत्रा मारला, साठच्या पुढे स्टीअरिंग थरथरायचं म्हणून पुढच्या चाकांचे किंगपिन बेअरिंग बदलले, सस्पेन्शनच्या पाट्यांचे बुश, ब्रेकच्या लाइन्स, सगळं नवीन. पेट्रोलचा पाइप तेवढा लोंबकळत होता, तो मी स्वतः क्लिपा लावून एक्झॉस्टच्या, म्हणजे धुराच्या नळीच्या, बाजूने नीट बसवला. फार सुबक दिसत होता.

मग तिला घेऊन लेहला निघालो. मनाली, अटल बोगदा, केलाँग, सर्चू, काही त्रास नाही. तांडीला पुढचा पेट्रोल पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची ती प्रसिद्ध पाटी बघून दोन कॅन जास्तीचे भरले. बारालाचा खिंडीत काळा धूर आला पण पातळ हवेत कार्ब्युरेटरची गाडी तेवढं करतेच.

मग गाटा लूप्स. एकापाठोपाठ २१ वळणं, सगळा चढ, आणि निम्म्यात आल्यावर गाडी दोन-तीन झटके देऊन बंदच पडली. दादा म्हणाला कार्ब्युरेटर, आणि त्या वाऱ्या-धुळीत तो खोलायला निघाला. मी नको नको म्हणतेय, मागून भाड्याच्या मोठ्या गाड्या हॉर्न मारत जातायत, काच खाली करून कोणी विचारलंसुद्धा नाही. मी खरंच चिडले होते, रडायलाच आले होते.

थांबला तो एक ट्रकवाला. त्याने फिल्टर बघितला तर आत पेट्रोलच नाही, नुसते बुडबुडे. पाइपला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. काही न बोलता स्वतःच्या केबिनमधून फडकं आणलं, पाण्यात भिजवून गाडीच्या इंधन पंपावर आणि पाइपवर गुंडाळलं आणि आम्हाला गप्प बसायला सांगितलं.

तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के, त्यामुळे एक्झॉस्टजवळ तापलेलं पेट्रोल कमी तापमानालाच उकळतं, त्याची वाफ होते आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. खाली मैदानात हाच पाइप महिनाभर चालला होता ना! म्हणून सांगते, गाडी नवी केलीत तर रंगाकडे नंतर बघा, आधी लांब चढ चढवा, बॉनेट उघडा आणि प्रत्येक पाइप कशाला चिकटून जातो ते बघा. मी नाही बघितलं.

अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली. क्लिपा काढल्या, तारेने पाइप एक्झॉस्टपासून लांब बांधला, ट्रकवाला तोवर थांबून होता आणि ते फडकं त्याने परत घेतलंच नाही.

पुढे प्रत्येक चढाला उतरून मी त्यावर पाणी ओतलं. तांगलांग ला ही खिंड ५,००० मीटरच्याही वर, सगळे तिथे उतरून फोटो काढतात, आम्ही इंजिन बंद करायलाच घाबरलो आणि तसेच खाली लेहकडे उतरलो.