सीईटीचे पर्सेंटाइल, कॅप राउंड आणि कॉलेजचा अंदाज : माझा अनुभव

सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की पहिला प्रश्न येतो, "एवढ्या पर्सेंटाइलला कुठलं कॉलेज मिळेल?" अभियांत्रिकी प्रवेशासाठी मुलांच्या पसंतीच्या कॉलेजांच्या याद्या लावताना मी या प्रश्नाचं उत्तर पर्सेंटाइलवरून (शंभरातली किती मुलं आपल्या मागे आहेत, त्यावरून) देत नाही, राज्याच्या गुणवत्ता यादीतल्या मेरिट क्रमांकावरून देते. 2025 मध्ये पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची परीक्षा चार लाखांहून जास्त मुलांनी दिली. म्हणजे एका पर्सेंटाइलमध्ये चार हजारांवर मुलं बसतात आणि 99.5 व 99.6 यांच्यातही चारेकशे. पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय इथल्या कॉम्प्युटरच्या मोजक्या जागांसाठी हा फरक फार मोठा आहे. "98.9 म्हणजे 99च की" हा हिशेब इथे चालत नाही.

त्यानंतर ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडायची. प्रत्येक शाखेखाली रकान्यात वर मेरिट क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाइल असतं. रकान्याचं नाव नीट वाचा : जीओपनएस, जीओपनएच, एलओपनएस. सुरुवातीचा जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीच्या जागा. मधलं ओपन म्हणजे खुला प्रवर्ग. शेवटचा एस राज्यस्तरीय, एच आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी, ओ हद्दीबाहेरच्यांसाठी. नाशिकच्या मुलाने पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या कॉलेजचा आकडा बघताना हे शेवटचं अक्षर आधी पाहावं. अखिल भारतीय जागांची पीडीएफ वेगळी असते. तिथे जेईई मेन या राष्ट्रीय परीक्षेचे गुण लागतात, तरी पालक हमखास त्या दोन याद्यांची सरमिसळ करतात.

कटऑफ म्हणजे त्या रकान्यात शेवटी बसलेला विद्यार्थी, एवढंच. रकान्यात एक-दोनच जागा असतील तर आकडा दरवर्षी उड्या मारतो, म्हणून मी अशा ठिकाणी तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहिते. मुलाचा क्रमांक सगळ्या वर्षांच्या शेवटच्या क्रमांकांच्या आत असेल तर कॉलेज खात्रीचं; काही वर्षी आत आणि काही वर्षी बाहेर असेल तर शक्यतेतलं; सगळ्या वर्षी बाहेर असेल तर स्वप्नातलं. यात एक दुरुस्ती करावी लागते. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने 2024-25 पासून चांगल्या संस्थांसाठी शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा काढली, त्यामुळे कॉलेजने जागा वाढवल्या का, हे आधी पाहायचं. जागा वाढलेल्या शाखेला जुना कटऑफ जसाच्या तसा लावता येत नाही.

यादीचा क्रम मात्र शक्यतेवर लावू नका, आवडीवर लावा. जागांचं वाटप कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत, मेरिटने होतं. वर अवघड कॉलेज टाकल्याने खालच्या पर्यायाची संधी जात नाही. 300 पर्याय भरता येतात, तेव्हा कंजुषी नको. पण 2025-26 पासून पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला की ऑटो फ्रीझ होतं, म्हणजे तीच जागा आपोआप पक्की होते. तो घेतला नाही तरी पुढच्या कॅप फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं. "भरून टाकू" म्हणून लिहिलेलं कॉलेज पहिल्या सहांत असता कामा नये.

हे सगळं गणित प्रवर्गाच्या रकान्यावर उभं असतं. ओबीसीच्या मुलाचं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही तर तो खुल्या प्रवर्गात जातो आणि सगळे अंदाज खुल्या रकान्यातून नव्याने काढावे लागतात. म्हणून प्रमाणपत्राची वैधता आणि ईडब्ल्यूएसचं (आर्थिक दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यात आहे का, हे मी पर्याय भरण्याच्या आधी तपासते.