फॉइल कशासाठी?

टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) प्रॅक्टिकलमध्ये यूव्हीने, म्हणजे अतिनील किरणांनी, जिवाणू मारण्याचा प्रयोग आला की मी मुलांना आधी जिवाणूंच्या प्लेटचं झाकण काढायला लावते. झाकण ठेवून प्लेट दिव्याखाली धरली की सगळ्या कॉलन्या (जिवाणूंचे ठिपके) टुणटुणीत उगवतात, कारण २५४ नॅनोमीटरचे किरण त्या प्लास्टिकमधून जातच नाहीत. कल्चरही (वाढवलेले जिवाणू) सलाईनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात घ्यायचं, ब्रॉथमध्ये, म्हणजे त्यांच्या पातळ खाद्यात नाही. ब्रॉथ स्वतःच यूव्ही शोषून घेतो.

किरण डीएनएत शिरतात आणि शेजारशेजारच्या दोन थायमिनना (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटवून टाकतात. पुढे कॉपी काढणारं एन्झाइम तिथे अडखळतं. इथवर सगळ्यांच्या जर्नलमध्ये असतं. मॅन्युअलच्या शेवटच्या ओळीत मात्र ‘प्लेट फॉइलमध्ये गुंडाळून इन्क्युबेट करा’ (ऊबेत वाढायला ठेवा) एवढंच असतं, कारण दिलेलं नसतं. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारलं की हमखास उत्तर, ‘मॅडम, कंटॅमिनेशन होऊ नये म्हणून.’

खरं कारण १९४९ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत अल्बर्ट केल्नर यांना सापडलं. ते स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या जिवाणूच्या बीजाणूंवर यूव्ही सोडत होते. डोस तोच, तरी जगणाऱ्यांचे आकडे कधी इकडे तर कधी तिकडे. त्यांना आधी तापमानाचा संशय आला. शेवटी लक्षात आलं की फरक खिडकीतून येणाऱ्या उजेडाने पडतोय. उजेड मिळालेले बीजाणू अंधारातल्यांपेक्षा लाखपटींनी जास्त जगत होते! फोटोलायेज नावाचं एन्झाइम निळ्या उजेडाच्या जोरावर ती चिकटलेली जोडी सोडवतं, हे नंतर उलगडलं.

म्हणून आमच्याकडे आता एकाच डोसच्या दोन प्लेट करतात. एक लगेच फॉइलमध्ये, दुसरी झाकण लावून अर्धा तास खिडकीपाशी, मग दोन्ही ३७ अंशांना. प्लेटवरच्या ई. कोलाय जिवाणूकडे फोटोलायेज आहे, त्यामुळे खिडकीवाल्या प्लेटवर कॉलन्या ठसठशीत जास्त येतात. फॉइलमधल्याही सगळ्या मरत नाहीत, कारण अंधारात चालणारी दुरुस्तीही असते, खराब तुकडा कापून नवा बसवायची. सेमीलॉग कागदावर (ज्याचा एक अक्ष दहापटींनी वाढतो) डोस आणि जगणाऱ्यांचा वक्र सुरुवातीला जरा सपाट राहून मग खाली घसरतो, त्यामागे बऱ्याच अंशी हीच दुरुस्ती.

एक विद्यार्थिनी यंदा म्हणाली, ‘म्हणजे मॅडम, दिवा बंद केल्यावर ट्यूबलाइट लावली तरी रिझल्ट बदलेल?’ बदलेल की. म्हणूनच प्लेटा पसरवतानाही मी खोलीतला फक्त पिवळा बल्ब लावायला सांगते.