गियर ऑइलसाठी दाबाची टाकी: आतापर्यंतचं काम

गाडीच्या गियरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये (चाकांना ताकद वाटून देणारा गियरचा डबा) तेल भरायचं भोक कुशीत असतं. वर वीतभरही जागा नसते, नरसाळं बसत नाही आणि बाटली आडवी केली की भोकात कमी आणि हातावर जास्त जातं. तेल खालून वर ढकलायला हवं. मोठ्या सिरिंजने दोन लिटर भरून मनगट दुखल्यावर कायमची सोय करायचं ठरवलं: बंद टाकीत तेल, वर दाबाची हवा आणि ती तेल नळीतून ढकलणार. तीन जुन्या टाक्या पडून होत्या: २४ लिटरची कॉम्प्रेसरची, मुदत संपलेला ९ किलो पावडरचा अग्निशामक आणि ५ लिटरचा हातपंपाचा फवारा.

सुरुवात कॉम्प्रेसरच्या टाकीने केली, कारण तिला पाय आहेत, आटे असलेली तोंडं आयती आहेत आणि ठशात ८ बार (बार म्हणजे दाबाचं एकक) लिहिलंय. कुठलीही जुनी टाकी वापरण्याआधी पाण्याने तपासायची, हा माझा पक्का नियम. काठोकाठ पाणी भरायचं, आत हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही आणि प्लंबर पाइपलाइन तपासायला वापरतात त्या हातपंपाने दाब चढवायचा. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे टाकी उसवली तरी थोडं पाणी बाहेर येतं आणि दाब लगेच शून्यावर जातो. हवेचं तसं नाही. याच टाकीत ८ बारने हवा भरली तर १०० किलोचं वजन १५ मीटर उचलता येईल एवढी ऊर्जा आत साठते आणि पत्रा फाटला तर ती एका क्षणात सुटते. जुन्या टाक्यांची हवेने 'जरा चाचणी' घेणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, ते करू नका.

मला दीडपट, म्हणजे १२ बारपर्यंत जायचं होतं. ९ बारला तळाच्या जोडाजवळ ओली रेघ दिसली, मग तिच्यावर बारीक थेंब उभे राहिले. आत बॅटरी मारली तर वर्षानुवर्षं पाणी साचलेल्या पट्ट्यात गंजाच्या खपल्या होत्या आणि त्यांच्याखाली खड्डे. वेल्डिंगचा टाका मारायचा मोह झाला. पण गंजाने सगळा तळ खाल्लाय, टाका फक्त त्या एका जागी लागणार आणि शेजारचा पातळ पत्रा तापून आणखी कमकुवत होणार. टाकीला १० मिमीचं आरपार भोक पाडून भंगारात दिली. भोक अशासाठी, की तिथून उचलून कुणी तिच्यात पुन्हा हवा भरू नये. वाईट वाटलं, टाकी दिसायला फार छान होती.

मग अग्निशामक. हे काम सावकाश करण्यासारखं आहे. गेजचा काटा शून्यावर आहे म्हणून डोकं लगेच काढू नका, पावडर आतल्या नळीत घट्ट बसली असेल तर दाब खाली अडकलेला असू शकतो. आधी दांडा दाबून पाहायचं, मग डोकं अर्धा-अर्धा आटा सोडवायचं, तोंड स्वतःच्या चेहऱ्यापासून दूर धरून. फुस्स आवाज आला की तिथेच थांबायचं आणि हवा पूर्ण जाऊ द्यायची. पावडर मास्क लावून पिशवीत काढली आणि अग्निशामक भरून देणाऱ्यांकडे सोपवली. अशा अग्निशामकातल्या एबीसी पावडरमध्ये अमोनियम फॉस्फेट असतं, ओल लागली की ते पत्रा खातं. म्हणून आतून धुणं तीन वेळा, मग गरम हवेने सुकवणं आणि लगेच तेलाचा हात. ही टाकी १० बारला अर्धा तास काटा न हलता उभी राहिली. मी वापरणार आहे जास्तीत जास्त दीड बार.

टाकीच्या अंगाला कुठेही भोक किंवा वेल्डिंग केलेलं नाही, सगळी जोडणी मानेच्या आट्यांवर. लेथ असलेल्या मित्राकडून पितळी बूच कातून घेतलं. त्यात चार वाटा आहेत: हवा आत, गेज, ३ बारला सुटणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि तळापासून एक सेंटिमीटर वर थांबणारी तेलाची नळी, टोक तिरकं कापलेलं. अरुंद मानेचा मोठा फायदा आहे. २५ मिमीच्या बुचावर २ बारला साधारण १० किलोचा जोर येतो. १० सेंटिमीटर रुंद झाकण असतं तर तोच जोर दीडशे किलोच्या वर गेला असता. रुंद तोंडाचे डबे घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

पहिली चाचणी निराश करणारी झाली. ८०डब्ल्यू-९० या जाडीचं गियर ऑइल, दोन मीटर लांब आणि आतून ६ मिमी नळी, १ बार दाब: एक लिटरला जवळपास तीन मिनिटं. अशा वेळी हात आपोआप रेग्युलेटरकडे जातो. पण दाब दुप्पट केला तर वेळ फक्त निम्मा होतो. नळीच्या आतल्या व्यासाचा परिणाम चौथ्या घाताने होतो, म्हणजे ६ ऐवजी १० मिमी केली की प्रवाह साडेसात पटीच्या वर. तळापर्यंतची नळी आणि होजपाइप दोन्ही १० मिमी केले. हिशेबाने २२ सेकंद यायला हवे होते, आले ३५. दोन संध्याकाळी गळती शोधण्यात गेल्या, मग लक्षात आलं की भोकात शिरायला लावलेली तांब्याची नळी अजून ६ मिमीचीच आहे. पंधरा सेंटिमीटरचा तेवढा तुकडा १३ सेकंद खातोय! भोकाला तेवढीच नळी जाते, म्हणून ती ठेवली. दाब अजूनही १ बारच आहे आणि याचं मला सगळ्यात जास्त समाधान आहे.

कॉम्प्रेसर नसेल तर सायकलच्या पंपानेही काम होतं, फक्त टाकी अर्धीच भरा. माझी काठोकाठ ११ लिटरची आहे. ६ लिटर तेल घालून वरच्या ५ लिटर हवेला दीड बार दिला आणि ३ लिटर तेल काढलं, तर दाब अर्ध्या बारच्या आसपास उतरतो. तेल थोडं आणि हवा जास्त असली की उतार सौम्य राहतो.

काम झालं की दाब सोडायचा, रात्रभर ठेवायचा नाही. दाबाखाली हवा तेलात विरघळते आणि पुढच्या वेळी तेल फेसाळत बाहेर येतं.

एक गोष्ट मला उशिरा सुचली. टाकी लाल होती. आग लागली असती तर घाबरलेल्या माणसाने तीच उचलली असती आणि आगीवर तेल मारलं असतं. सूचनापट्टी खरवडून काढली, सगळी टाकी पिवळी रंगवली आणि दोन्ही बाजूंनी 'गियर ऑइल' लिहिलं. हे पहिल्याच दिवशी करा.

रॉकेल किंवा पेट्रोल यात भरता येईल का, असं दोघांनी विचारलं. नाही. दाबाने उडालेला त्याचा धुरळा आणि हवा मिळून एका ठिणगीचं काम उरतं.

फवारा ब्रेक ऑइलसाठी ठेवलाय. त्याच्या ओ-रिंग (सांधे बंद करणाऱ्या रबरी कड्या) नायट्रिल रबराच्या निघाल्या. त्या खनिज तेलाला चालतात, पण ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलला ईपीडीएम हे दुसरं रबर लागतं आणि ईपीडीएम गियर ऑइलमध्ये फुगतं, त्यामुळे दोन्ही टाक्यांचे सुटे भाग वेगळ्या डब्यांत ठेवलेत. ब्रेक ऑइल ओल शोषतं, डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश तर ओल धरल्यावर १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. म्हणून कॉम्प्रेसरची दमट हवा नको, हातपंपाचे मोजके दट्टे आणि १ बार पुरेसा. मास्टर सिलिंडरच्या डब्यावर (गाडीत ब्रेक ऑइल भरतात तो) बसणारं झाकण कातायला दिलंय. ते आलं की आधी पाण्याची चाचणी, आकडे इथेच लिहीन.