आमची वाटचाल : जॉब कार्डावरची मिनिटं

पुसदला आमची छोटी फर्म आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड आणि तिकडे वाशीमपर्यंत कार डीलरांची जी लहान वर्कशॉप आहेत, त्यांचे वॉरंटी क्लेम आम्ही तयार करून देतो. म्हटलं तर कागदाचं काम. पण वॉरंटीत गाडी दुरुस्त झाली की गिऱ्हाईक मजुरी देत नाही, ती कंपनीकडून डीलरला यावी लागते, आणि जेवढी कागदावर शाबीत होईल तेवढीच येते. मिस्त्रीने गाडीखाली घालवलेला वेळ त्याच वेळी, त्याच्याच हाताने लिहिला गेला पाहिजे, हा आमचा पहिल्यापासूनचा आग्रह आहे.

ही फर्म काढण्याआधी मी एका डीलरकडे वॉरंटीच्या टेबलावर होतो. महिनाअखेर जॉब कार्डांचा, म्हणजे गाडीची तक्रार, केलेलं काम आणि वेळ लिहायच्या कागदांचा, गठ्ठा समोर यायचा. वेळेचे रकाने कोरे, आणि ते ऑफिसात बसून अंदाजाने भरायची पद्धत. एका ऑडिटमध्ये एकच टेक्निशियन एकाच वेळेला दोन गाड्यांवर काम करताना दिसला. क्लेम उलटले, डीलरच्या खात्यावर डेबिट पडलं. पोरांनी काम केलं होतं, गाड्या रस्त्यावर धावत होत्या, तरी पैसे गेले. ते मनाला फार लागलं. बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे नियम, येण्याच्या थोडं आधी नोकरी सोडली आणि हे सुरू केलं.

कंपनी प्रत्येक कामाला ठरावीक वेळ बांधून देते. साधारणपणे तीच वेळ गुणिले मजुरीचा दर, एवढीच रक्कम मिळते. मग खरा वेळ लिहायचा कशाला, असं मालक हमखास विचारतात. दोन कारणं आहेत. बांधून दिलेला वेळ चार तासांचा आणि पंच, म्हणजे काम सुरू-बंद केल्याची नोंद, फक्त २० मिनिटांची असली, तर ऑडिटर विचारणारच की काम पूर्ण झालं का. आणि उलट, काम खरोखर लांबलं, तर जादा वेळ मागायला त्या नोंदीशिवाय हातात काहीच नसतं. बांधून दिलेल्या वेळेचे तक्ते बसवताना स्वच्छ गाडी आणि सुटे होणारे बोल्ट धरलेले असतात. आमच्याकडे पावसाळ्यात गाडी येते ती वावरातली काळी माती पोटाला थापून. ती माती सुकली की बोल्टचं डोकंसुद्धा दिसत नाही. ती खरवडायला लागलेला अर्धा तास लिहून ठेवला नाही, तर तो मिस्त्रीच्या अंगावरच पडतो. जादा वेळेला वर्क मॅनेजरची सही कामाआधी घ्यायची, हेही आम्ही पक्कं केलं. नंतरची सही चालत नाही.

एक कार्ड सांगतो. तक्रारीच्या जागी नुसतं 'आवाज येतो' असं लिहिलेलं. आमच्या ऑफिसातल्या मुलीने ते परत पाठवलं. दुसऱ्यांदा आलं ते असं : खड्ड्यात पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज, टेस्ट ड्राइव्ह घेतली, स्टॅबिलायझर लिंकचा जॉइंट ढिला, लिंक बदलली, परत चालवून पाहिलं, आवाज बंद. सुरू १०.२०, बंद ११.४४. तक्रार, कारण, केलेलं काम आणि वेळ, सगळं त्या चार ओळींत आलं. वेळेच्या रकान्यात मात्र १.२४ तास लिहिलं होतं. चौऱ्याऐंशी मिनिटं म्हणजे १.४ तास, कारण तासाचा दहावा भाग सहा मिनिटांचा. ही गफलत जवळजवळ प्रत्येक वर्कशॉपमध्ये सापडते आणि दर वेळी नुकसान मजुरीचंच होतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि स्पॅनरपेक्षा स्कॅनरवर जास्त वेळ जायला लागला. डिझेल गाडीतला धुराचा फिल्टर गावातल्या गावात, हळू चालवून भरत जातो. तो भरलाय, का सेन्सरच बिघडलाय, हे शोधण्यातच सकाळ जाते. शोधण्याचा वेळ वेगळा मागता येतो, पण कोणती तपासणी कधी केली हे लिहिलेलं हवं. कधी शोध उंदराने कुरतडलेल्या वायरीपाशी संपतो. उंदीर वॉरंटीत बसत नाही. मग तो वेळ गिऱ्हाइकाकडून घ्यावा लागतो, आणि 'नव्या गाडीचे पैसे कायचे, भाऊ?' म्हणणाऱ्या शेतकऱ्याला समजावतानाही नोंदलेली वेळच उपयोगी पडते.

क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवला आणि मागचं ऑइल सीलही गळताना दिसलं, तर उतरवण्याचा वेळ एकदाच धरायचा. दोनदा धरलेला कुठे ना कुठे पकडला जातो. पार्ट नागपूरहून यायचा असेल तर काम थांबताच पंच बंद करायचा आणि पार्ट हातात आला की नव्याने सुरू. लाइट गेली की संगणकावरचा पंचही थांबतो, म्हणून प्रत्येक रॅम्पजवळ एक वही आणि भिंतीवर घड्याळ आम्ही लावायला लावलं.

पैसे आम्ही क्लेममागे ठरावीक घेतो. टक्केवारी कधीच घेतली नाही, कारण टक्केवारीत वेळ फुगवण्याचा मोह आलाच. 'रकाने तुमीच भरून टाका ना' म्हणणारे मालक भेटले. त्यांचं काम आम्ही सोडलं, त्या महिन्यात घरखर्चाची ओढाताण झाली तरीही. पुढे आमचं नाव ज्यांनी इतरांना सुचवलं ते बहुतेक वर्कशॉपमधले टेक्निशियनच होते. ज्यांचा इन्सेंटिव्ह तासांवर मोजला जातो, त्यांना आपला वेळ नीट लिहिला जाण्याची किंमत मालकाच्या आधी कळते.

आता आयटीआयमधून नुकत्याच लागलेल्या पोरांसाठी मिनिटांचे तास करून देणारा तक्ता मराठीत छापतोय. सहा मिनिटांपासून साठपर्यंत, मोठ्या अक्षरात, तेलकट हाताने पुसला तरी टिकेल असा लॅमिनेट केलेला. पहिली खेप उमरखेडला जाईल, तिथे दोन नवीन मुलं याच महिन्यात रुजू झाली आहेत.