रूटला जे दिसते ते ‘नेमड’ला दिसत नाही

शनिवार, रात्री उशिरा

आजच्या देखभालीत प्राथमिक डीएनएस सर्व्हरवर (नावांवरून मशिनचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरवर) अपडेट चढवून तो रीबूट केला, आणि मशिन व्यवस्थित वर आले तरी त्यावरची ‘नेमड’ ही डीएनएसची उत्तरे देणारी सर्व्हिस मात्र सुरू झाली नाही. मशिनवर रेड हॅट घराण्यातले लिनक्स आहे आणि डीएनएसचे सॉफ्टवेअर बाइंड ९; नेमड हा त्याचाच प्रोग्रॅम. काही वेळातच अकाउंट्स विभागातून ‘इंटरनेट गेले’ अशी तक्रार आली. इंटरनेट जागेवरच होते. त्यांच्या मशिनवर दुय्यम डीएनएस सर्व्हरचा पत्ता भरलेला नव्हता, म्हणून त्यांना नावांचे पत्ते मिळेनासे झाले होते. बाकीची मंडळी दुय्यम सर्व्हरच्या आधारावर निर्धास्त काम करत होती. आमच्या झोनच्या, म्हणजे आमच्या नावांच्या यादीच्या, एसओए या मुख्य नोंदीत ‘एक्स्पायर’चे मूल्य ६०४८०० सेकंद, म्हणजे सात दिवस आहे, आणि प्राथमिक सर्व्हर बंद असला तरी तेवढा काळ दुय्यम सर्व्हर आपल्याजवळच्या प्रतीवरून उत्तरे देत राहतो. त्यामुळे आज घाई न करता नीट तपास करता आला.

सर्व्हिसची स्थिती दाखवणाऱ्या ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ने ‘फेल्ड’ असे सांगून लॉगच्या शेवटच्या काही ओळी दाखवल्या, पण त्या उजवीकडे कापलेल्या होत्या. पूर्ण मजकूर ‘जर्नलसीटीएल’मध्ये मिळाला. त्यातली कामाची ओळ एकच होती: ‘ओपन: /ईटीसी/नेमड.कॉन्फ: परमिशन डिनाइड’, म्हणजे नेमडची सेटिंगची फाइल उघडायला परवानगी नाही. डीएनएस सर्व्हर सुरू होत नाही म्हटले की पुष्कळांचा पहिला संशय डीएनएसच्या पोर्ट ५३ कडे जातो, आणि मशिनवरच्याच ‘सिस्टिमडी-रिझॉल्व्हड’ या नावे शोधणाऱ्या सर्व्हिसने ते पोर्ट अडवले असेल असे गृहीत धरून ती सर्व्हिस बंद केली जाते. ‘डीएनएसमास्क’ या दुसऱ्या, छोट्या डीएनएस सर्व्हरच्या बाबतीत हा संशय बहुतेकदा खरा ठरतो, कारण तो सर्व पत्त्यांवर एकदम ऐकू पाहतो आणि १२७.०.०.५३ वर आधीच बसलेल्या रिझॉल्व्हडशी त्याची टक्कर होते. बाइंड मात्र प्रत्येक इंटरफेसच्या पत्त्यावर वेगवेगळा ऐकतो, त्यामुळे हे दोघे सहसा एकत्र नांदतात. शिवाय इथे लॉग पोर्टबद्दल अवाक्षरही काढत नव्हता. लॉग वाचण्याआधी उपाय सुरू करण्याची सवय मला मनापासून खटकते. तिच्यामुळे एका बिघाडाचे दोन होतात.

नेमड.कॉन्फमधला बदल आमच्या नव्या सहकाऱ्याने गेल्या आठवड्यात करून ठेवला होता आणि तो आजच्या रीबूटनंतर लागू व्हायचा होता. त्याने स्वतःच ती फाइल तपासणारा ‘नेमड-चेककॉन्फ’ चालवून पाहिला. एकही चूक निघाली नाही. फाइलचे तपशील दाखवणाऱ्या ‘एलएस -एल’मध्ये मालक रूट (सर्वाधिकारी युजर), गट नेमड आणि परवानगी ६४० असे जसे हवे तसेच दिसत होते. “मॅडम, फाइल बरोबर आहे, परवानगीही बरोबर आहे, मग डिनाइड कशाला म्हणतो?” असे त्याने विचारले. त्यानंतर त्याने रूटच्या शेलमधून ‘नेमड -यू नेमड -जी’ अशी आज्ञा दिली, तर सर्व्हर हाताने सुरळीत चालू झाला, सगळे झोन लोड झाले आणि उत्तरेही देऊ लागला. तो बंद करून पुन्हा ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट’ केले की तेच रडगाणे.

माझ्या मते या सगळ्या तपासातली सर्वांत बोलकी खूण हीच होती. तोच प्रोग्रॅम, तीच फाइल, तोच ‘नेमड’ युजर. तरीही हाताने चालवला तर चालतो आणि सिस्टिमडीने (सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने) चालवला तर अडतो, तेव्हा फरक फाइलच्या मजकुरात नसून चालवणाऱ्याच्या संदर्भात असतो. रूटच्या शेलमधून सुरू केलेली प्रक्रिया एसईलिनक्स या लिनक्समधल्या जादा सुरक्षा-व्यवस्थेच्या दृष्टीने जवळजवळ मोकळी असते. सिस्टिमडीने सुरू केलेली प्रक्रिया ‘नेमड_टी’ या बंदिस्त डोमेनमध्ये जाते आणि तिला ठरावीक लेबलांच्याच, म्हणजे एसईलिनक्सच्या ठरावीक खुणांच्याच, फायली उघडता येतात. म्हणजे चेककॉन्फने दिलेला निर्वाळा खरा होता, पण तो रूटला मिळालेला निर्वाळा होता. सर्व्हिसला काय दिसते, हा प्रश्न आम्ही अजून विचारलाच नव्हता.

तो विचारायला ‘एलएस’ला लेबल दाखवणारा कॅपिटल झेडचा पर्याय लावला. जिथे ‘नेमड_कॉन्फ_टी’ असायला हवे तिथे ‘अ‍ॅडमिन_होम_टी’ लिहिलेले होते. सहकाऱ्याने फाइल रूटच्या होम डिरेक्टरीत तयार केली होती आणि ‘एमव्ही’ने (हलवण्याच्या आज्ञेने) जागेवर नेली होती. एमव्ही फाइलबरोबर तिचे जुने लेबलही नेतो. तीच फाइल आधीच्या नेमड.कॉन्फवर ‘सीपी’ने (प्रत करण्याच्या आज्ञेने) चढवली असती, तर जागेवरच्या फाइलचे लेबल कायम राहिले असते. ऑडिट लॉगमध्ये ‘एयूसर्च’ने शोधल्यावर नकाराची नोंदही मिळाली: मागणारा ‘नेमड_टी’, मागितलेली वस्तू ‘अ‍ॅडमिन_होम_टी’. ‘रिस्टोरकॉन -व्ही’ चालवताच लेबल पूर्ववत झाले आणि सर्व्हिस लगेच उठली.

अशा वेळी बहुतेक जण ‘सेटएनफोर्स ०’, म्हणजे एसईलिनक्सची अडवणूक थांबवा, हा सल्ला देतात, आणि सहकाऱ्यानेही तो कुठेतरी वाचला होता. मी त्याला ठाम नकार दिला. नेमड ही बाहेरच्या कुणाच्याही पॅकेटला उत्तर देणारी सर्व्हिस आहे, आणि तिच्यात एखादी त्रुटी निघाली तर घुसलेल्याला उरलेल्या मशिनपासून दूर ठेवणारे कुंपण म्हणजे हीच बंदिस्ती. एसईलिनक्स अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० साली खुले केले आणि २००३ मध्ये २.६ कर्नलच्या मालिकेत ते मुख्य कर्नलचा भाग झाले. इतक्या वर्षांनंतरही एका चुकीच्या लेबलासाठी ते आख्खे बंद केले जाते, याचे मला वाईट वाटते. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर याच जागी अ‍ॅपआर्मर असते. ते लेबल न पाहता फाइलचा मार्ग पाहते, म्हणून तिथे लॉग लिहिण्यासाठी प्रोफाइलबाहेरची डिरेक्टरी दिली की नेमड अडतो आणि उपाय प्रोफाइलमध्ये करावा लागतो.

रेड हॅटकडे आणखी एक वेगळेपण आहे, ज्यावर आज आमची बरीच चर्चा झाली. तिथली सर्व्हिस फाइल नेमड सुरू करण्याआधी चेककॉन्फला ‘-झेड’ देऊन सगळ्या झोन फायली तपासते; एकही झोन बिघडलेला असला तर सर्व्हरच उठत नाही. डेबियन या लिनक्सवर नेमड उठतो आणि फक्त त्या झोनसाठी ‘सर्व्हफेल’, म्हणजे ‘उत्तर देता येत नाही’, असे उत्तर देतो. एका कार्यालयाच्या मोजक्या झोनसाठी मला पहिली पद्धत पटते, कारण बिघाड ताबडतोब समोर येतो. पण शेकडो ग्राहकांची डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरवर एका ग्राहकाच्या झोन फाइलमध्ये सुटलेल्या टिंबामुळे बाकी सगळे अडकणे अन्यायाचे आहे, आणि तिथे ही तपासणी ‘डिसेबल_झोन_चेकिंग’ या सेटिंगने बंद करून ती फाइल स्वीकारतानाच करावी.

सर्व्हिस ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसली म्हणून काम संपले नाही. डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या ‘डिग’ने यूडीपी आणि टीसीपी दोन्हींवर विचारून पाहिले, आमच्या झोनच्या उत्तरात ‘एए’ हे, उत्तर अधिकृत असल्याचे, चिन्ह आले, आणि दुय्यम सर्व्हरवरचा झोनचा सीरियल (आवृत्तीचा) नंबर प्राथमिकशी जुळला. अकाउंट्सच्या मशिनवर दुय्यम सर्व्हरचा पत्ताही भरून घेतला. सोमवारी सहकारी चाचणीच्या मशिनवर हाच बिघाड मुद्दाम घडवून स्वतः शोधणार आहे, आणि मला दुय्यम सर्व्हरच्या फायलींची लेबले ‘रिस्टोरकॉन -एनव्ही’ने, म्हणजे काहीही न बदलता, तपासून घ्यायची आहेत.