हातचं राखून

घोड्याला पहिल्यांदा खाऊ दिला तेव्हा साखरेचा खडा मी चिमटीत धरला होता, लहान मुलाला भरवतात तसा. घोड्याने मान पुढे केली आणि मोतद्दार मागून ओरडला, "ताई, हात उघडा! त्याला बोट काय नि गाजर काय, सारखंच!" मी दचकून हात मागे घेतला. खडा मातीत पडला आणि घोडा माझ्या रिकाम्या चिमटीचा वास घेत राहिला.

तो सारखेपणा नंतर उलगडला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जवळजवळ ३५० अंशांतलं जग त्याला एका वेळी दिसतं, पण नेमकं नाकासमोरचं आणि तोंडाखालचं दिसत नाही. आपण मोठ्या प्रेमाने पुढे केलेली वस्तू तो न बघताच घेतो, ओठांनी आणि ओठांवरच्या राठ केसांनी चाचपत. म्हणून तळहात सपाट ठेवायचा, बोटं जुळलेली, अंगठाही चिकटवलेला. (अंगठ्याची आठवण नेहमी उशिरा होते.) मग ते ओठ तळहातावरून फिरतात, गरम, ओलसर, किंचित टोचरे, आणि हाडं चुरडू शकणारं ते तोंड खडा असा अलगद उचलतं की कळतही नाही.

घेणारा बघत नाही म्हटल्यावर बघणं आपल्याकडे येतं. मी कौतुकाने गाजराच्या गोल चकत्या करून नेल्या होत्या. मोतद्दाराने डबा बघून नुसती मान हलवली. हावरा घोडा धड न चावता गिळतो आणि चकती घशात बुचासारखी बसू शकते. गाजर चिरायचं ते उभं, लांब. सफरचंदाच्याही फोडीच. अन्ननलिकेत घास अडकला तर घोड्याचा श्वास चालू राहतो, पण लाळ आणि चघळलेलं अन्न नाकातून येऊ लागतं. मग पशुवैद्याला बोलवायचं आणि तोवर खाणंपाणी समोरून काढायचं. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट की पोटात गेलेलं वर येणं जवळपास अशक्य. खाऊन पस्तावलेल्या माणसाला असते ती सोय त्याला नाही.

आता साखर. ५०० किलोचा घोडा दिवसाला आठ-दहा किलो सुकं गवत सहज संपवतो आणि त्या गवतातच शेकडो ग्रॅम साखर असते. त्यापुढे चार ग्रॅमचा खडा म्हणजे काहीच नाही. निरोगी घोड्याला एखाददुसऱ्या खड्याने काही होत नाही, हे कळल्यावर मला फारच बरं वाटलं. पण ज्याच्या शरीरात इन्सुलिनचं गणित बिघडलेलं असतं, त्याला गोड बाधतं, ते थेट पायांत. खुरातलं हाड खुराच्या भिंतीशी ज्या नाजूक थरांनी जोडलेलं असतं ते सुजतात आणि पाऊल टाकणंही नकोसं होतं. कुठल्या घोड्याला हा त्रास आहे, हे कुंपणापलीकडून नेहमी ओळखू येत नाही. साखरेचं खाणार त्याला देव देणार म्हणतात. देवाने द्यायच्या आधी मालकाला विचारलेलं बरं.

चॉकलेट मात्र कुणालाच नको. त्यातलं थिओब्रोमिन घोड्याला अपायकारक आहे, शिवाय शर्यतीच्या घोड्यांच्या उत्तेजक चाचणीत ते पकडलं जातं. एका वडीपायी बिचाऱ्यावर आळ.

रोज हातून खाऊ मिळाला की घोडा खिसे हुंगतो आणि पुढे चावेही घेऊ लागतो, म्हणून मोतद्दार म्हणतो, खाऊ बादलीत टाका. त्याचं खरं आहे. पण बादलीला ते ओठ लागतात, मला नाही, म्हणून मी अधूनमधून चोरून देते.

परवा मुद्दाम रिकाम्या हाताने गेले. आयाळ संपते तिथे, मानेच्या बुडाशी, बराच वेळ खाजवलं. घोडे एकमेकांना खाजवतात तीच ही जागा. त्याचे डोळे अर्धे मिटले, वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागला. मला वाटलं, जमलं. मग त्याने सावकाश मान वळवली आणि माझा खिसा तपासला.